बसच्या बॉडीसाठी एलईडी हेडलाइटचा पुरवठादार कसा निवडावा: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

काउल चेसिसवर, म्हणजे वरची बॉडी नसलेल्या गाडीच्या सांगाड्यावर, बसची बॉडी बांधायला घेतली की गाडीचा पुढचा चेहरा आपल्यालाच करावा लागतो. त्या चेहऱ्यात कोणते हेडलाइट बसवायचे आणि ते कोणाकडून घ्यायचे, हा निर्णयही मग बॉडी बांधणाऱ्याचाच. जळगावच्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं खरेदीचं काम बघतो आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे छोटे कारखानदार भेटले की एकच गोष्ट विचारतात: पुरवठादाराकडून कोणते कागद मागायचे आणि होकार नेमका कशावर द्यायचा? आमच्याकडे पुरवठादार नोंदणीचा अर्ज ज्या पद्धतीने घेतला जातो, ती पद्धत इथे सांगतो. हेडलाइट विकणाऱ्यांनाही अर्जात काय भरावं लागेल ते यातून कळेल.

आधी कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ खास दिपवणाऱ्या उजेडाबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो उजेड दिपवता कामा नये. निदान चालकाला तो खाली करता यायला हवा. समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची जागाच नियमाने मोजून दिली आहे. हेडलाइट हा सुरक्षेशी संबंधित सुटा भाग असल्यामुळे त्याला टाइप अप्रूव्हल लागतं, आणि त्याची पद्धत एआयएस-०३७ या मानकात दिली आहे. दिव्याचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो. तो पास झाला की टाइप अप्रूव्हल सर्टिफिकेट, म्हणजे टीएसी, मिळतं. पुढचं उत्पादनही त्याच दर्जाचं निघतंय का, याची तपासणी वेगळी होते. तिला सीओपी म्हणतात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १८२अ आलं. केंद्र सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला सुटा भाग नियमात बसत नसताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दर नगामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगी नसलेले भाग गाडीला बसवून बदल केला तर गाडीमालकालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. हॅलोजनच्या घरात बाजारातला एलईडी बल्ब खोचून देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. त्या दिव्याचा आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार आखलेला असतो. उजेडाचा उगम बदलला की सगळा आकार बिघडतो.

अर्ज कोण करू शकतो

आमची पहिली अट अशी की अर्जदार स्वतः दिवा बनवणारा असावा, नाहीतर बनवणाऱ्याचं अधिकारपत्र असलेला वितरक असावा. वितरक असेल तर टीएसी कोणाच्या नावावर आहे आणि माल कोणत्या कारखान्यातून निघतो, हे अर्जात लिहून द्यावं लागतं. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र प्रत्यक्ष उत्पादन होतं त्या जागेलाच मिळतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या नावाचं आयएटीएफ पुढे केलं, तर तिथेच थांबून नीट चौकशी करावी. प्रमाणपत्रावरचा पत्ता आणि माल निघतो तो पत्ता एकच हवा. हे प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि दरम्यान देखरेखीचे ऑडिट होतात, म्हणून मुदतीची तारीख बघायची.

लहान उत्पादकाकडे आयएटीएफ नसलं म्हणून आम्ही त्याला लगेच बाद करत नाही. आयएसओ ९००१ असेल, टीएसी आणि सीओपी चालू असतील, तर अर्ज घेतो आणि कारखान्याची तपासणी जास्त कडक करतो. टीएसी नसेल तर मात्र अर्जच घेत नाही. या अटीत कुणालाही सूट नाही, मग तो कितीही जवळचा असो.

कागदपत्रं

अर्जासोबत जीएसटी नोंदणी, पॅन, कंपनीचा किंवा भागीदारीचा नोंदणी दाखला, असेल तर उद्यम नोंदणी, रद्द केलेला धनादेश आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद लागतात. हे नेहमीचेच कागद आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही. आयात माल असेल तर आयात-निर्यात कोड आणि उत्पादनाच्या देशाचा उल्लेख हवा.

खरे कागद तांत्रिक. ज्या मॉडेलचा दिवा विकायचा आहे त्याच मॉडेलची टीएसी आणि तिच्यासोबतचा पूर्ण चाचणी अहवाल. बरेच जण फक्त पहिलं पान देतात, ते चालत नाही. चालू मुदतीची सीओपी. विद्युत-चुंबकीय अडथळ्याची, म्हणजे एआयएस-००४ भाग ३ ची चाचणी. एलईडीला करंट पुरवणारं ड्रायव्हर सर्किट स्वस्तातलं असलं की त्यामुळे बसमधल्या जीपीएस आणि रेडिओला खरखर लागते. धूळ-पाण्याच्या संरक्षणाचा आयपी अहवाल. दिव्याचं मापांसहित ड्रॉइंग, कपलरचा (वायर जोडायच्या खोबणीचा) तपशील, किती व्होल्टवर किती करंट घेतो ते. आणि पीपीएपी फाइल, म्हणजे सुट्या भागाच्या उत्पादनाला आपली मंजुरी घेण्यासाठी पुरवठादाराने द्यायचा संच. पीपीएपीत एकूण १८ बाबी असतात आणि सादर करण्याचे पाच स्तर असतात. आम्ही नेहमीचा तिसरा स्तर मागतो, म्हणजे नमुना आणि त्यामागची सगळी कागदपत्रं.

कागद आणि दिवा एकमेकांसमोर ठेवा

प्रमाणपत्र खरं असू शकतं आणि दिवाही चांगला असू शकतो, पण ते प्रमाणपत्र त्याच दिव्याचं असतं असं नाही. सगळी फसगत इथेच होते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक लॉट आला. कागद व्यवस्थित, भाव बरा, उजेड पांढराशुभ्र. आम्ही दोन गाड्यांना दिवे लावले. गाड्या सुरतेच्या रात्रीच्या फेरीवर गेल्या आणि आठवड्याभरात चालकाची तक्रार आली: कोंडाईबारी घाटात समोरचा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारतो, शिव्या देतो. तो म्हणाला, "उजेड मोप शे भाऊ, पन रस्ता दिखत नही." दिवे काढून काचेवरची खूण बघितली, तेव्हा कळलं की दिवा उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला होता. डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडाचा, जो भाग रस्त्याच्या डाव्या कडेवर चढायला हवा, तो उजवीकडे, थेट समोरच्याच्या डोळ्यांत चढत होता. टीएसी त्या उत्पादकाच्या दुसऱ्याच मॉडेलची होती. आम्ही क्रमांक जुळवून बघितला नव्हता. चूक आमचीही होती, आणि त्या दोन गाड्यांसमोरून गेलेल्या माणसांचा विचार आजही मनातून जात नाही.

तेव्हापासून काचेवरची अक्षरं वाचल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या खुणेत 'एचसी' म्हणजे डिपर, 'एचआर' म्हणजे अप्पर (लांबचा उजेड), 'एचसीआर' म्हणजे दोन्ही एकाच दिव्यात. 'पीएल' म्हणजे काच प्लास्टिकची. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठीच बनलेल्या दिव्यावर आडवा बाण असतो, आणि दिव्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो आपल्या उजव्या हाताकडे दाखवतो. बाणाला दोन्हीकडे टोकं असतील तर दिवा दोन्ही पद्धतींसाठी लावता येतो. डिपरवर बाणच नसेल तर दिवा उजव्या बाजूच्या वाहतुकीचा. ही खूण आणि मॉडेल क्रमांक टीएसीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. शंका असेल तर ज्या संस्थेने टीएसी दिली तिला पत्र किंवा ईमेल पाठवून खात्री करा.

चाचणी अहवालात बी-५० नावाचा एक बिंदू असतो. ५० मीटरवरून समोर येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांची ती जागा. तिथे उजेड ठरलेल्या मर्यादेच्या आत हवा. ७५ मीटरवरच्या आपल्या कडेच्या बिंदूवर मात्र तो पुरेसा हवा, कारण मागे लाल पट्टी नसलेली केळीची ट्रॉली तिथेच उभी असते. विक्रेता ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, मोठा आकडा सांगतो; तुम्ही या दोन बिंदूंचे आकडे विचारा.

भिंतीवरची चाचणी

कागद जुळले की किमान सहा नग सॅम्पल मागवतो, आणि ते आम्ही निवडलेल्या लॉटमधूनच. रात्री सपाट फरशीवर, मोकळी पांढरी भिंत बघून गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करायची. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी नेहमीच्या भारावर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखायची. उजेडाचा खाली जाणारा उतार एक टक्का ठेवायचा असेल तर डिपरची वरची कड त्या रेषेच्या १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. डाव्या बाजूला ती वर चढते, उजवीकडे सपाट राहते. कड स्पष्ट हवी. तिच्या वर भगभगीत उजेड सांडत असेल, निळी-जांभळी किनार मोठी असेल, किंवा सहा नगांत कडेची उंची मागेपुढे होत असेल, तर त्या कारखान्यात जोडणीवर ताबा नाही असं समजावं.

मग दिवे अर्धा तास चालू ठेवायचे आणि पुन्हा मोजायचं. एलईडी गरम झाली की उजेड उतरतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे पुण्याच्या हवेत चांगला दिसलेला दिवा इथे दुपारी बंद बॉनेटमागे काय करतो, हे वेगळं तपासावं लागतं. आम्ही ओव्हनमध्ये ठेवून बघतो. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी अहवालात किती तापमानाला आणि किती तास चाचणी झाली ते विचारावं. गरम झाल्यावर उजेड आपोआप कमी करणारं सर्किट असणं चांगलंच, पण किती कमी करतं ते लिहून घ्या.

बस आणि मोठ्या ट्रकला २४ व्होल्टची वायरिंग असते. १२ आणि २४ दोन्हीवर चालतो असं सांगितलेला दिवा १८ पासून ३२ व्होल्टपर्यंत उजेड न लुकलुकता चालवून बघा. चालू गाडीत बॅटरीची तार निसटली की अल्टरनेटर मोठा झटका देतो. त्या झटक्याची चाचणी झाली आहे का, हे अहवालात शोधा. आयपी ६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी नाही. पण आपल्या गाड्या सर्व्हिस स्टेशनला जोराच्या फवाऱ्याने धुतात आणि त्याची चाचणी वेगळी असते, ९के नावाची, ८० अंशांच्या गरम पाण्याच्या झोताने. पावसाळ्यात काचेच्या आत धुकं धरणारे दिवे मी खूप बघितले आहेत. श्वास घेण्याची जाळी कुठे बसवली आहे ते सॅम्पल उघडून बघा.

कारखान्याला भेट, गुण आणि ऑर्डर

वाळूज असो, चाकण असो की मानेसर, पहिल्या ऑर्डरआधी एकदा जाऊन यावं. भेटीत आम्ही तीन ठिकाणी वेळ देतो: एलईडीचा बोर्ड कुठून येतो आणि त्याचा लॉट क्रमांक नोंदला जातो का, प्रत्येक दिव्याची डिपरची कड लाइनवर तपासली जाते की अधूनमधून एखाद्याची, आणि नापास माल कुठे ठेवला आहे. नापास माल लाल डब्यात, कुलूपबंद, नोंदीसह दिसला की माझं अर्धं समाधान होतं.

टीएसी, सीओपी आणि भिंतीवरची चाचणी यांना आम्ही गुण देत नाही. एकात नापास म्हणजे अर्ज बाद, आणि त्याचं कारण अर्जदाराला लेखी कळवतो. उरलेल्यांना १०० पैकी गुण देतो: दर्जा आणि कारखाना ४०, वेळेवर पुरवठा आणि सुटे नग २५, भाव २०, हमी आणि सेवा १५. भावाला इतकं कमी का, असं मालक मंडळी विचारतात. एलईडी दिव्यात बल्ब बदलता येत नाही, अख्खा संच बदलावा लागतो. नवापूरजवळ रात्री दोनला दिवा गेला आणि नग पुण्याहून यायला तीन दिवस लागले, तर खरेदीत वाचलेले पैसे एका फेरीत जातात. म्हणून मॉडेल बंद झालं तरी किती वर्षं सुटे नग देणार, हे करारात लिहून घ्यायचं.

पैशाबद्दलही स्पष्ट राहा. पुरवठादार उद्यममध्ये नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. आपण त्याच्याकडून शिस्त मागतो, तर त्याचे पैसे वेळेवर देणं हे आपलं काम आहे.

निवड झाल्यावर मंजूर सॅम्पलपैकी दोन नग पिशवीत सील करायचे आणि त्यावर दोघांच्या सह्या व तारीख घ्यायची. एक नग त्याच्याकडे, एक आपल्या कपाटात. पुरवठादाराने एलईडीची चिप, ड्रायव्हर, काचेचं प्लास्टिक किंवा उत्पादनाची जागा बदलली, तर माल पाठवण्याआधी कळवून नवी पीपीएपी द्यायची, अशी ओळ ऑर्डरमध्ये छापलेली असते. लॉट आला की त्यातला एक नग कपाटातल्या नगाशेजारी त्याच भिंतीसमोर लावायचा. फरक दिसला तर लॉट उतरवून घ्यायचा नाही.