ऐंशीला थांबायचं की शंभरला? एनएमसी आणि एलएफपी बॅटरीचं वेगळं गणित

"रोज ऐंशी टक्क्यांच्या वर नेऊ नका, बॅटरी लवकर जाते." इलेक्ट्रिक गाडी घेतली की हा सल्ला फुकट मिळतो. तो खोटा नाही, पण सगळ्याच बॅटऱ्यांचा नाही.

आपल्याकडे रस्त्यावर दोन जातींच्या बॅटऱ्या दिसतात. टाटाच्या नेक्सॉन आणि टियागो ईव्हीत एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटवाली. महिंद्राच्या एक्सयूव्ही४०० मध्ये एनएमसी, म्हणजे निकेल-मँगेनीज-कोबाल्टवाली. त्याच महिंद्राची बीई ६ मात्र एलएफपीवर चालते, त्यामुळे कंपनीच्या नावावरून अंदाज बांधू नका.

ऐंशीचा नियम मुळात एनएमसीचा. तिचा सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टला पोहोचतो. एवढ्या व्होल्टेजवर आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू खराब होत राहतं, गाडी नुसती उभी असली तरी. म्हणून रोजच्याला ऐंशी पुरे. लांब जायचं असेल तर शंभर करा, पण निघायच्या वेळेला चार्जिंग संपेल असं लावा.

एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टलाच भरतो, त्यामुळे हा ताण कमी. तिची अडचण निराळी आहे. तीस टक्के असो की सत्तर, व्होल्टेज जवळपास तेवढंच. घरच्या गॅस सिलिंडरचं असंच असतं: आच शेवटपर्यंत सारखी, मग उरलाय किती ते कळणार कसं? गाडीचा कॉम्प्युटर आत-बाहेर गेलेल्या करंटचा हिशेब ठेवतो आणि त्यात रोज थोडी चूक साठत जाते. अगदी वरच्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतं, तिथेच त्याला हिशेब जुळवता येतो. सगळे सेल एका पातळीवर आणायचं कामही बहुतेक तिथेच होतं. वर्षभर इमानदारीत ऐंशीला थांबणाऱ्याच्या डॅशबोर्डवर अठरा टक्के दिसत असताना आकडा एकदम सातवर आला, तर बॅटरी गेली असं लगेच समजू नये. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी शंभर करायला सांगते, ते याचसाठी.

मात्र शंभरपर्यंत भरणं वेगळं आणि शंभरवर उभी ठेवणं वेगळं. इथे लोक फार गल्लत करतात. भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी एलएफपीलाही सोसत नाही. मे महिन्यात नागपुरात गाडी उन्हात लावून तीन आठवडे गावाला जाणार असाल, तर बॅटरी कुठलीही असो, पन्नासच्या आसपास ठेवा आणि सावली शोधा. उन्हातून दामटून आणलेली गाडीही थोडी निवू द्या, मग चार्जिंगला लावा.

फास्ट चार्जर प्रवासात बिनधास्त वापरा. रोजच्याला घरचा १५ अँपिअरचा सॉकेट किंवा ७.२ किलोवॅटचा चार्जर बरा.

आपली बॅटरी कुठली, हे माहितीपत्रकात नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा. कळेपर्यंत रोज ऐंशी आणि अधूनमधून एकदा शंभर करून लगेच गाडी बाहेर काढली, तर दोन्हींना चालतं.