गुन्हेगारीच्या अभ्यासाचा खर्च कोणी केला? संशोधन फेलोशिपची पार्श्वभूमी

१८३१ मध्ये अलेक्सी द तोकव्हिल आणि गुस्ताव्ह द बोमाँ हे दोन तरुण फ्रेंच न्यायाधिकारी अमेरिकेतले तुरुंग पाहायला निघाले. सरकारने त्यांना अठरा महिन्यांची रजा आणि अधिकृत कामगिरीची पत्रे दिली. प्रवासाचा खर्च मात्र त्यांच्या घरच्यांनीच करायचा होता. सुमारे नऊ महिने ते तिकडे हिंडले. सिंगसिंग आणि ऑबर्नचे तुरुंग त्यांनी पाहिले. फिलाडेल्फियाच्या तुरुंगात तर तोकव्हिल एकेका कैद्याच्या कोठडीत जाऊन त्याच्याशी एकट्याने बोलला. परतल्यावर दोघांनी लिहिलेल्या अहवालाला फ्रेंच अकादमीचे मोंत्याँ पारितोषिक मिळाले.

परवानगी सरकारची, पैसा घरचा आणि बक्षीस काम पुरे झाल्यावर! गुन्हेगारीशास्त्र, दंडशास्त्र (शिक्षा आणि तुरुंग यांचा अभ्यास), पोलीस-अभ्यास किंवा न्यायवैद्यक यांतल्या फेलोशिपसाठी आज जो विद्यार्थी अर्ज भरतो, त्याला यापेक्षा पुष्कळ अधिक मिळते. पण ते एका दिवसात मिळालेले नाही. पैसा देणारे हात वेळोवेळी बदलले आणि प्रत्येक हाताबरोबर अभ्यासाचे प्रश्नही बदलले. म्हणून हा इतिहास अर्जदाराने जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला होती ती पारितोषिके. १७७७ मध्ये बर्नच्या आर्थिक सोसायटीने फौजदारी कायद्याची उत्तम योजना मांडणाऱ्या निबंधासाठी ५० लुई (फ्रेंच सोन्याची नाणी) जाहीर केले. फ्रेंच विचारवंत व्होल्तेरने त्यात आपले आणखी ५० घातले. १८३३ मध्ये आंद्रे-मिशेल गेरीला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने संख्याशास्त्राचे मोंत्याँ पारितोषिक दिले. फ्रेंच न्याय मंत्रालय १८२७ पासून खटल्यांची वार्षिक आकडेवारी छापू लागले होते आणि गेरीने तिच्यावरून गुन्ह्यांचे नकाशे काढले होते. पण पारितोषिक केलेल्या कामाचे असते, करायच्या कामाचे नसते. त्यामुळे घरचे बरे असलेल्यालाच असा अभ्यास परवडे.

ज्याला तो परवडत नव्हता त्याचे काय झाले, हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या उदाहरणात दिसते. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीच्या स्लेटर फंडाच्या मदतीने ते १८९२ ते १८९४ या काळात बर्लिनला शिकले. १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीयांचा अभ्यास करायला बोलावले. ही नेमणूक तात्पुरती होती. समाजशास्त्राचा सहायक एवढेच पद, शिकवण्याची संधी नाही. त्या वॉर्डातच राहून सुमारे अडीच हजार घरांमध्ये त्यांनी स्वतः मुलाखती घेतल्या. या वस्तीतली गुन्हेगारी रक्तातूनच येते, असा समज तेव्हा सर्रास होता. ड्यू बॉइस यांनी ती गुलामगिरीचा वारसा, स्थलांतर आणि नोकऱ्यांची बंद दारे यांच्याशी जोडून दाखवली. अमेरिकेच्या न्याय विभागाने वंश आणि गुन्हेगारी या विषयावरची फेलोशिप पुढे त्यांच्याच नावाने सुरू केली. अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजीही वांशिक अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी फेलोशिप देत आली आहे. राखीव फेलोशिपना 'सवलत' म्हणणाऱ्यांनी ड्यू बॉइस यांची ती नेमणूक एकदा डोळ्यांखालून घालावी. या विषयातले एक पायाभूत काम अशा माणसाने केले, ज्याला विद्यापीठाने प्राध्यापकांत जागाच दिली नव्हती.

विसाव्या शतकात खासगी न्यास पुढे आले. तेलसम्राट रॉकफेलर यांचे पुत्र, धाकटे रॉकफेलर, यांच्या पैशावर न्यूयॉर्कमध्ये ब्युरो ऑफ सोशल हायजीन ही सामाजिक प्रश्नांवर संशोधन करवून घेणारी संस्था उभी राहिली. रेमंड फॉस्डिक यांनी युरोपातल्या आणि नंतर अमेरिकेतल्या पोलीस यंत्रणांचा जो अभ्यास केला, त्यामागे हाच ब्युरो होता. याच ब्युरोने जेरोम मायकेल आणि मॉर्टिमर ॲडलर यांना या शास्त्राची झडती घ्यायला सांगितले. १९३३ मध्ये दोघांनी स्पष्ट लिहिले की, गुन्हेगारीचे विज्ञान म्हणावे असे काही अजून अस्तित्वातच नाही. निष्कर्ष कठोर होता, पण देणगीदाराला न रुचणारे उत्तर छापून येऊ शकते, हे त्यातून दिसले. या इतिहासात असे फार वेळा घडलेले नाही.

त्याच वर्षी जर्मनीत नाझी सत्तेवर आले. हाकलल्या गेलेल्या विद्वानांना आधार देण्यासाठी ब्रिटनमध्ये ॲकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल स्थापन झाली. बर्लिनचे न्यायाधीश आणि प्राध्यापक हर्मन मानहाइम १९३४ मध्ये लंडनला आले. बॉनचे मॅक्स ग्र्यूनहुट ऑक्सफर्डला पोचले. लिऑन राझिनोविच यांची गोष्ट थोडी वेगळी. ते १९३८ मध्ये पोलंडच्या न्याय मंत्रालयाच्या कामगिरीवर इंग्लंडची शिक्षापद्धती अभ्यासायला आले आणि तिथेच राहिले. ब्रिटनमधले गुन्हेगारीशास्त्र विद्यापीठांत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः या तिघांना जाते. संकटात सापडलेल्या विद्वानांसाठी आज ज्या फेलोशिप दिल्या जातात, त्यांचे मूळ या काळात आहे.

युद्धानंतर सरकारी तिजोरी उघडली. ब्रिटनच्या १९४८ च्या फौजदारी न्याय कायद्यातील ७७ व्या कलमाने गृहमंत्र्यांना गुन्हेगारीच्या कारणांवरील संशोधनासाठी पैसा खर्च करण्याचा अधिकार दिला. लहान लहान अनुदाने लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला गेली. मानहाइम आणि लेस्ली विल्किन्स यांनी किशोर सुधारगृहांतून सुटलेली मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळतील का, याचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यातूनच तयार केली. १९५७ मध्ये गृहखात्याचे स्वतःचे संशोधन पथक आले. पाठोपाठ वुल्फसन फाउंडेशनच्या देणगीतून केंब्रिजची गुन्हेगारीशास्त्र संस्था उभी राहिली आणि राझिनोविच तिचे पहिले संचालक झाले. तिथल्या क्रॉपवुड फेलोशिपचा मला विशेष आदर वाटतो. बॅरो कॅडबरी ट्रस्टच्या पैशावर तुरुंग, पोलीस आणि प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांचे) खात्यांतले नोकरदार काही आठवडे विद्यापीठात येत आणि रोजच्या कामातला आपला प्रश्न ग्रंथालयात बसून तपासत. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला विचार करायला वेळ द्यावा, ही कल्पना आजही तितकीच गरजेची आहे.

सरकारचा पैसा म्हणजे सरकारचेच प्रश्न, अशी तक्रार मात्र लवकरच सुरू झाली. १९६८ मध्ये काही तरुण समाजशास्त्रज्ञांनी यॉर्कला वेगळी परिषद भरवली. गृहखात्याला गुन्हेगार सुधारायचा आहे, पण गुन्हा कशाला म्हणायचे आणि ते कोण ठरवते, हे कोणीच विचारत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी अमेरिकेत नव्या कायद्याने कायदा-अंमलबजावणी साहाय्य प्रशासन आणि त्याची संशोधन संस्था स्थापन झाली. तीच आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस. पोलिसांना पदवी घेता यावी म्हणून कर्ज आणि अनुदानाची योजना आली. खात्यात नोकरी केली की दरवर्षी कर्जाचा चौथा हिस्सा माफ होई. ऐन भरात ही योजना वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर वाटत होती आणि तो पैसा पाहून कॉलेजांनी भराभर अभ्यासक्रम उघडले. त्यातले पुष्कळसे म्हणजे पोलीस प्रशिक्षणालाच दिलेले पदवीचे नाव आहे, असा ठपका १९७८ च्या एका राष्ट्रीय आयोगाने ठेवला. शिक्षणावर भरपूर खर्च झाला, पण त्यातून संशोधक फारसे घडले नाहीत. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या प्रश्नासाठी दिली जाणारी फेलोशिप या अनुभवाच्या उजेडात पाहिली, तर तिचे मोल कळते.

इतरत्रही याच सुमारास संस्था उभ्या राहिल्या. गुन्हेगारी रोखण्याच्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांची आशियाई संस्था १९६२ मध्ये टोकियोजवळ आणि संशोधन संस्था १९६८ मध्ये रोमला सुरू झाली. भारताचा पोलीस संशोधन व विकास ब्युरो १९७० मध्ये स्थापन झाला आणि गुन्हेगारीशास्त्र व पोलीसशास्त्रातील पीएच.डी.साठी तोही फेलोशिप देत आला आहे. ऑस्ट्रेलियाची गुन्हेगारीशास्त्र संस्था १९७३ ची.

अर्जातल्या नैतिक मंजुरीच्या रकान्याला अनेक जण कंटाळतात. त्यामागे फिलाडेल्फियातलाच एक तुरुंग आहे. होम्सबर्गमध्ये १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या अंगावर औषधे आणि रसायने तपासली गेली. परिस्थितीने गांजलेल्या त्या माणसांना थोड्या डॉलरांचेही मोल होते. त्यांच्या 'हो'ला संमती म्हणणे कठीण आहे. १९७६ मध्ये माणसांवरील संशोधनाचा विचार करणाऱ्या वेगळ्या राष्ट्रीय आयोगाने कैद्यांवरील संशोधनाबाबत शिफारशी केल्या आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याचे स्वतंत्र नियम झाले.

गोपनीयतेचा प्रश्नही याच काळातला. कैदी, टोळीतला मुलगा किंवा लाच खाणारा शिपाई संशोधकाशी मोकळेपणाने बोलतो ते नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर. १९६८ च्या त्या कायद्यात १९७३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अमेरिकेत न्याय विभागाच्या पैशावर चाललेल्या संशोधनातली अशी माहिती, ती देणाऱ्याच्या संमतीशिवाय, न्यायालयात मागवता येणार नाही असे ठरले. हे कवच त्या निधीपुरतेच होते. १९९३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या समाजशास्त्राच्या एका पीएच.डी. विद्यार्थ्याने, प्राणिहक्क चळवळीतल्या लोकांनी विश्वासाने सांगितलेले ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) उघड करायला नकार दिला. त्याला १५९ दिवस तुरुंगात काढावे लागले.

म्हणून अर्ज भरताना महिन्याच्या रकमेखालची कलमेही वाचावीत. जमवलेली माहिती कोणाच्या मालकीची, ती न्यायालयात मागितली तर संस्था पाठीशी उभी राहणार का, प्रबंध छापण्याआधी तो खात्याला दाखवावा लागतो का, आणि दाखवल्यावर खाते तो अडवू शकते का, हे तिथेच लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर सही करण्याआधी लेखी विचारून घ्यावे.