शीव, शिव आणि तांबडी माती: बेळगावच्या एका अमूर्त सीरिजची पार्श्वभूमी

आमच्याकडच्या एका चित्रकाराच्या नव्या सीरिजबद्दल सध्या बरंच लिहून येतंय. पाच बाय चारचे कॅनव्हास, खाली तांबडा थर, वरच्या अंगाला काळपट, आणि मधनं एक बारीक रेघ, बास. बेळगावचा माणूस, त्यात मराठी, त्यात मधे रेघ, म्हणजे सीमाप्रश्न, असं लिहिणाऱ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलंय. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे काय ते सांगत बसत नाही, सगळ्यांना माहितीय. ही रेघ कुठनं आली ते मात्र सांगायला पायजे.

राजकीय बाजू थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात राहिला. मग १९६६ ला एकसदस्यीय महाजन आयोग, १९६७ ला त्याचा अहवाल, २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर जिथं आहे तिथंच. आमच्याकडच्या मराठी माणसांना हा अहवाल अजूनही मान्य नाही. २००४ ला केस सुप्रीम कोर्टात गेली, २०१२ ला इथं विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत झाली, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. हे सगळं त्या चित्रांत आहे असं म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, कुठल्या कोपऱ्यात आहे ते दाखवा की.

रेघेचं मूळ वेगळंच आहे. या चित्रकारांचं आजोळ चंदगड तालुक्यातलं. लहानपणी दर मे महिन्यात मामाकडं जायचं ते वेंगुर्ला रोडनं, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची आणि मग शिनोळी. बाची संपलं की राज्य बदलतं. पाट्यांची भाषा बदलते, पेट्रोलचा रेट बदलतो, एसटीचा रंग बदलतो, माती बदलत नाही. दोन्हीकडं तोच जांभा, तीच रताळी, तोच पाऊस. उलट तुम्ही बेळगावातनं पूर्वेला निघा, सांब्रा ओलांडून नेसरगी, यरगट्टीच्या वाटेला लागा, राज्य तेच, जिल्हा तोच, पण तांबडं संपून काळी रानं लागतात, भात संपून ज्वारी, कापूस सुरू होतो. म्हणजे जमिनीची खरी रेघ आहे ती जिल्ह्याच्या पोटातनं जाते, नकाशावरच्या रेघेशी तिचा काही संबंध नाही. मलप्रभा कणकुंबीच्या रानात उगवते आणि हे दोन्ही रंग कापत सौंदत्तीकडं जाते, तिनं कुठल्या आयोगाचा अहवाल वाचलेला नाही.

आता तो नावाचा घोळ, ज्यावर माझ्या मते सगळ्यात जास्त बोलायला पायजे आणि कुणी बोलत नाही. सीरिजचं मूळ नाव होतं 'शीव'. गावाची शीव, शिवेवरचा दगड. मुंबईच्या सायनचं मराठी नाव शीव आहे ते याच अर्थानं, बेटाची हद्द तिथं संपायची म्हणून. चित्रकारांना 'सीमा' हा शब्द नको होता कारण तो मोर्च्याच्या बॅनरवरचा झाला, आणि 'हद्द' म्हटलं की पोलीस स्टेशन आठवतं. शीव हा घरातला शब्द. पण प्रदर्शनाचा कॅटलॉग दोन भाषांत छापायचा होता आणि कन्नडमध्ये कंपोज करणाऱ्यानं दीर्घ ई ही चूक समजून ऱ्हस्व केली, झालं 'शिव'. उद्घाटनाला आलेली निम्मी माणसं त्या तांबड्या काळ्या पट्ट्यांत पिंडी शोधत होती. एकजण तर हात जोडून उभा राहिला, आणि रेघ म्हणजे तिसरा डोळा मिटलेला आहे असंही एकानं सांगितलं, ते ऐकायला बरं वाटलं हे खरंय.

मग सुचवलं गेलं की कन्नडमध्ये 'गडी' छापू, कन्नडमध्ये गडी म्हणजे सीमा, गडिनाडू म्हणजे सीमाभाग. पण मराठीत गडी म्हणजे शेतावरचा गडी नाहीतर खेळातला भिडू, एकाच भिंतीवर दोन्ही पाट्या लावल्या तर काय होईल बघा. शेवटी चित्रकारांनी नावच काढून टाकलं आणि नुसते नंबर दिले. यावर आमच्यात बरीच भांडणं झाली. काहींचं म्हणणं, घाबरला. माझं म्हणणं, नंबर देणं ही चूक होती पण घाबरणं नव्हतं, कारण नाव गेल्यावर वाचणाऱ्यांना रान मोकळं झालं आणि सगळ्यांनी तिथं सीमाप्रश्न लिहून टाकला. शीव ठेवलं असतं तर निदान शब्दकोश तरी उघडावा लागला असता.

गंमत म्हणजे 'अमूर्त' हा शब्द मात्र दोन्ही भाषांत तोच, त्याला काही झालं नाही. पण तो शब्दही सरळ नाही. आपल्याकडं अमूर्त म्हटलं की मागनं निर्गुण निराकार येतंच, आणि चित्रात काही दिसत नाही म्हणजे अध्यात्म असणार असा हिशोब होतो. नागपुरात जन्मलेले, मागाहून २०१४ ला ज्यांचं न्यूयॉर्कला मोठं प्रदर्शन लागलं ते चित्रकार वासुदेव गायतोंडे तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट हा शब्दच नाकारायचे, नॉन ऑब्जेक्टिव म्हणा म्हणायचे. आमचे चित्रकार दोन्ही म्हणत नाहीत. विचारलं की म्हणतात, "मातीकाम करूलालोय."

ते खोटंही नाही. खानापूरकडची तांबडी माती आणायची, वाळवायची, कुटायची, जुन्या धोतरातनं वस्त्रगाळ करायची आणि अ‍ॅक्रिलिक मीडियममध्ये कालवायची. कॅनव्हास जमिनीवर आडवा. पाच सहा पातळ थर, प्रत्येक थर वाळला की पॉलिश पेपरनं हलकं घासायचं. जांभ्यात लोखंड भरपूर, म्हणून तो गंजाचा तांबडा. अ‍ॅल्युमिनियमही असतं, याच भागातल्या बॉक्साइटवर बेळगावला अ‍ॅल्युमिनाचा कारखाना उभा राहिला. जांभा खाणीत असतो तोवर मऊ, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं चिरे काढता येतात, हवा लागली की कडक होतो. काळा रंग नेसरगीकडच्या रानातला, तो त्रास देतो, वाळला की भेगा पडतात. आधी ते भेगा बुजवायचे, आता बुजवत नाहीत.

याच्या मागं बेळगावची जी परंपरा आहे ती अगदी उलट्या दिशेची. कोल्हापूर, मिरज, बेळगाव, धारवाड हा सगळा पट्टा पोर्ट्रेट आणि जलरंगातल्या निसर्गचित्रांचा. स्वातंत्र्याच्या आसपास बेळगावात एका मास्तरांनी चित्रशाळा काढली, तिथनं पुढं मुंबई पुण्याला नाव काढलेले लोक निघाले, पण सगळे दिसतं तसं काढणारे, हात पक्का. सीमेचा इथं परिणाम झाला असेल तर तो ड्रॉइंगच्या परीक्षांवर, तिकडं एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि इकडं लोअर, हायर. चंदगडच्या मामेभावानं एक सर्टिफिकेट काढलं, यांनी दुसरं, वस्तुचित्रात मात्र दोघांनाही तीच बादली आणि तोच कांदा. त्याआधीचं, किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचं कोरीवकाम वगैरे, १२०४ सालचं, त्याचा या चित्रांशी संबंध लावतात लोक, मला पटत नाही, सोडून देतो.

आता रेघ. ती ब्रशनं काढलेली नाही. सुतार लाकडावर सूत मारतो तसं सूत मारलेलं आहे. दोरा कावेत, म्हणजे गेरूत बुडवायचा, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायचा, फट्. एक टोक ते धरतात, दुसरं फ्रेम करणारे मामा. मीही एकदा धरलंय आणि माझ्याकडनं दोरा सैल राहून रेघ दुहेरी उमटली, ते चित्र नंतर विकलं गेलं आणि त्याच्यावर कुणीतरी 'दोन राज्यांची समांतर वेदना' असं लिहिलं. मामा अजून हसतात. "सर, ह्यात बॉर्डर कुठली वो, तुमचा हात हलला की." शेतातल्या बांधावरनं दोन भाऊ भांडायला लागले की असंच सूत धरून मोजतात, चित्रकारांच्या वडलांनी धरलेलं त्यांनी पाहिलंय, रेघ तिथली आहे.

अलीकडच्या सात आठ कॅनव्हासवर ही रेघ फुटलेली, पसरलेली दिसते, कडा तांबड्यात विरघळलेल्या. यावर सगळ्यात जास्त लिहिलं गेलं, सीमा पुसट होत चालली वगैरे. ती चित्रं जुलैतली आहेत. आमच्याकडं जुलैत धुतलेली चड्डी चार दिवस वाळत नाही, मातीचा थर काय वाळणार, ओल्यावरच सूत मारलं आणि काव पसरली. पहिलं चित्र बिघडलं म्हणून भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं. महिन्यानं उलटं केलं, बघितलं, आणि तेव्हापासनं ते उन्हाळ्यात सूत मारतच नाहीत. माती कुटून गाळून डब्यात भरून ठेवतात आणि पावसाची वाट बघतात.