हायड्रोजन : ऊर्जावाहक म्हणून

मुक्त स्वरूपातील हायड्रोजन निसर्गात विरळाच आढळतो. तो पाण्यापासून अथवा नैसर्गिक वायूपासून वेगळा काढावा लागतो. म्हणून कोळशाप्रमाणे तो ऊर्जेचा स्रोत ठरत नाही, विजेप्रमाणे वाहक ठरतो.

या कल्पनेच्या जनकत्वाबाबत एकमत नाही. पवनचक्क्यांच्या विजेने पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन द्रवरूपात भूमिगत टाक्यांत साठवावेत, असे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२३ मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात सुचविले होते. ‘हायड्रोजन अर्थव्यवस्था’ (हायड्रोजन हा प्रमुख ऊर्जावाहक असलेली व्यवस्था) या संज्ञेचे श्रेय सामान्यतः विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ जॉन बॉक्रिस यांना (१९७०) देतात. संज्ञा बॉक्रिस यांची असली, तरी मूळ विचार हॉल्डेन यांच्याकडे जातो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१ किग्रॅ. हायड्रोजन जाळल्यास निव्वळ ३३.३ युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा मिळते. तो पाण्यापासून तयार करण्यास सु. ५० ते ५५ युनिट वीज लागते. वायू दाबून भरण्याचा खर्च वेगळा. इंधन-घटातून (हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या विक्रियेतून वीज देणाऱ्या साधनातून) त्याची पुन्हा वीज केली, की १६ ते २० युनिट हाती येतात, म्हणजे मूळ विजेच्या जेमतेम एक-तृतीयांश. बॅटरीत साठविलेल्या विजेपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक परत मिळते. येथे आकड्यांची एक गफलत वारंवार होते. वाफेतील सुप्त उष्णता धरून येणारे स्थूल मूल्य ३९.४ युनिट आहे. अपघटनाची कार्यक्षमता स्थूल मूल्यावर आणि इंधन-घटाची निव्वळ मूल्यावर काढून दोहोंचा गुणाकार केला, तर सबंध साखळी आहे त्याहून सरस भासते. दोन्हीकडे एकच मूल्य धरावे.

द्रवीकरण वायू दाबून भरण्याहून खर्चिक असून त्यासाठी −२५३° से.पर्यंत थंड करावे लागते आणि किलोमागे साधारणपणे १० ते १३ युनिट खर्च होतात. सामान्य तापमानास हायड्रोजनाचे तीन-चतुर्थांश रेणू ऑर्थो (दोन्ही अणुकेंद्रांची परिवलने एकाच दिशेने) आणि उरलेले पॅरा (परिवलने विरुद्ध दिशांनी) स्वरूपात असतात. द्रवरूपात ऑर्थो रेणू सावकाश पॅरा होत जातात आणि त्या बदलात बाहेर पडणारी उष्णता द्रवाच्या बाष्पीभवनाच्या उष्णतेहूनही जास्त असते. त्यामुळे टाकीचे उष्णतारोधन निर्दोष असले, तरी आतील द्रव आपोआप उकळून मोठ्या प्रमाणात वाया जातो. म्हणून थंड करतानाच लोह ऑक्साइडासारख्या उत्प्रेरकाने हा बदल घडवून आणतात.

गळती, पोलादाला येणारा ठिसूळपणा आणि हवेतील ४ ते ७५ टक्के प्रमाणात पेट घेण्याचा गुणधर्म या अडचणी परिचित आहेत.

तार पोहोचते किंवा बॅटरी पुरते, तेथे वीज थेट वापरणेच सयुक्तिक होय. खतांसाठी लागणारा अमोनिया किंवा लोहखनिजाचे क्षपण (त्यातील ऑक्सिजन काढून टाकणे) यांत हायड्रोजन मुळात रसायन म्हणून लागतो, तेथे त्याला तोड नाही. ऋतूऋतूंमधील साठवणीसाठी मिठाच्या भूमिगत पोकळ्या सोयीच्या ठरतात. इंग्लंडमधील टीसाइड येथे अशा पोकळ्यांत १९७० च्या दशकाच्या आरंभापासून हायड्रोजन साठवितात, मात्र तो रासायनिक उद्योगाकरिता.