हृदयरोग्याच्या फाइलीत हिरड्या कशा आल्या

इंदूरात हल्ली व्हॉल्व्हच्या ऑपरेशनची तारीख ठरली किंवा अँजिओप्लास्टी झाली की डॉक्टर सांगतात, ‘दात एकदा दाखवून घ्या.’ वाक्य एकच, पण त्यामागची कारणे दोन आहेत, एक हृदयाच्या झडपांचे (व्हॉल्व्हचे) आणि दुसरे रक्तवाहिन्यांचे, आणि दोन्हींचा इतिहास निराळा आहे. या दोन्हींची सरमिसळ झाली की लोक नको ती गोळी घेतात आणि हवी ती बंद करतात.

हिरड्यांतून रक्त येणे, पू येणे, दात हलणे हे सुश्रुतसंहितेत ‘शीताद’ आणि ‘दंतवेष्ट’ या नावांनी आले आहे. त्याची सांगड बाकीच्या शरीराशी घालण्याची आधुनिक धडपड मात्र 1891 च्या सुमारास सुरू झाली. बर्लिनमध्ये काम करणारे दंतवैद्य मिलर यांनी तोंड हे संसर्गाचे केंद्र असल्याचे मांडले. लंडनचे विल्यम हंटर यांनी 1900 मध्ये तेच जोरात सांगितले आणि 1910 मध्ये माँट्रियलच्या व्याख्यानात, कुजलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर कडक टीका केली. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी हा विचार अमेरिकेत रुजवला. पुढे 1920-30 च्या दशकांत सांधेदुखीपासून मनोविकारापर्यंत कशावरही उपाय म्हणून चांगले दात सरसकट उपटले गेले. दात गेले, आजार राहिले. 1940 च्या आसपास या मताची पत इतकी घसरली की पुढची कितीतरी वर्षे दात आणि हृदय यांचा एकत्र उल्लेख करायलाही डॉक्टर कचरत. आमच्या मते त्या अतिरेकाचे हेच सर्वांत मोठे नुकसान.

एक धागा तेवढा टिकला, तो झडपांचा. 1935 मध्ये ओकेल आणि इलियट यांनी दात काढल्यावर लगेच रुग्णांचे रक्त तपासले. निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तात तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू सापडले आणि पायोरिया असलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. निरोगी हृदयात असे जंतू लवकरच नाहीसे होतात. कृत्रिम किंवा खराब झडपेवर ते चिकटले, तर एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग, होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1955 पासून दातांच्या कामाआधी प्रतिजैविक द्यायला सांगितले. हे कोणाला द्यायचे ती यादी 2007 मध्ये बरीच आखडली, कारण नुसते ब्रश केले, घास चावला तरी जंतू रक्तात जातात. वर्षातून एकदा दात काढण्यापेक्षा रोजच्या खराब हिरड्यांचा वाटा मोठा. आता त्या यादीत कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस, काही जन्मजात हृदयदोष आणि प्रत्यारोपित हृदयाची बिघडलेली झडप एवढेच उरले आहे. मोठ्या माणसाला 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन, कामाआधी 30 ते 60 मिनिटे, एकदाच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरे औषध. आपल्याकडे रुमॅटिक झडपांचे, म्हणजे संधिज्वराने झडपा खराब झालेले, रुग्ण खूप. ते या यादीत नाहीत, म्हणून त्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. ज्याला फक्त स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला आहे, त्याला हा डोस लागत नाही.

दुसरा धागा रक्तवाहिन्यांचा, आणि तो अजून पुरता उलगडलेला नाही. 1989 मध्ये फिनलंडच्या मॅटिला आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक आलेले 100 रुग्ण आणि इतर 102 जण यांची तुलना केली. अटॅकवाल्यांचे तोंड जास्त खराब निघाले. नंतर असे बरेच अभ्यास आले. पण तंबाखू, मधुमेह, गरिबी ही दोन्ही आजारांची सामायिक मुळे आहेत, ती वेगळी काढणे अवघड. 2007 मध्ये एका चाचणीत हिरड्यांच्या सखोल उपचारानंतर पहिल्या दिवशी रक्तातल्या सुजेच्या खुणा वाढल्या, सहा महिन्यांनी मात्र रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सुधारलेले दिसले. 2012 मध्ये हार्ट असोसिएशनने स्पष्ट लिहिले: संबंध आहे, कारण असल्याचे सिद्ध नाही, आणि हिरड्या बऱ्या केल्याने अटॅक टळतो याचा पुरावा नाही. हिरड्यांवर उपचार हिरड्यांसाठीच करावेत. तेवढे कारण पुरेसे आहे.

उपचार म्हणजे नेमके काय? खुणा असलेली बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवतात. 1 ते 3 मिलिमीटर खोली ठीक. 4 किंवा जास्त आणि रक्त आले, तर तो पॉकेट. त्यातला कडक थर, म्हणजे टार्टर, ब्रशने निघत नाही. स्केलिंग आणि मुळांची सफाई करावी लागते. ‘सफाईने दात हलायला लागले’ ही तक्रार खरी वाटते, कारण टार्टरनेच हलणारे दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. हाड आधीच झिजलेले असते. सहा-आठ आठवड्यांनी खोली पुन्हा मोजायची, मग दर तीन महिन्यांनी.

मध्य प्रदेशात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण तंबाखू आणि सुपारी थांबलेली नाही. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते आणि हिरड्या निरोगी भासतात. आत हाड झिजत असते. मशेरीचेही तेच, जरी 1992 पासून दंतमंजनात तंबाखू घालायला देशभर मनाई आहे. सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, रात्री बाराला गोड खाऊन आल्यावरही ब्रश करायचाच: मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी 45 अंशांत, दोन मिनिटे. रक्त आले म्हणून ब्रश बंद करू नये. 1965 मध्ये हाराल्ड लो यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी तरुणांचे ब्रश थांबवून पाहिले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई सुरू होताच साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या.

इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयाजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात (स्थापना 1961) जा किंवा खासगी दवाखान्यात, औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाने काहींच्या हिरड्या फुगतात. ते दंतवैद्याने हृदयरोगतज्ज्ञाला कळवले की औषध बदलता येते. दात काढायचा म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत, स्टेंटमध्ये गाठ धरू शकते. रक्त दाबून, टाका घालून थांबवता येते. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आदल्या दिवसाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) दंतवैद्याला दाखवावा.