शेक वेगळा, ऊन वेगळे : इग्वानाच्या पिलाला दोन्ही का लागतात

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून बाळाला शेक दिला जातो, आणि तेच बाळ सकाळी अंगणातल्या कोवळ्या उन्हात धरले जाते. शेक दिला, आता उन्हाची गरज नाही, असे आपल्याकडची कोणतीही आजी म्हणत नाही. घरात पाळलेल्या इग्वाना या परदेशी मोठ्या सरड्याच्या पिलाच्या बाबतीत मात्र हा भेद हमखास विसरला जातो. मराठवाड्यात अशी पिले पाळणाऱ्या हौशी माणसांशी बोलताना एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकले आहे : "आपल्याकडे उन्हाला काय तोटा आहे?" उन्हाला तोटा नाही, हे खरेच आहे, पण ते ऊन पिलाच्या कातडीपर्यंत पोचते का, हे कोणी पाहत नाही. बहुतेक घरांत पिलापर्यंत पोचतो तो फक्त शेक.

या लेखात शेक म्हणजे उष्णता, आणि ऊन म्हणजे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा जो पट्टा यूव्हीबी म्हणून ओळखला जातो, तो. त्याची तरंगलांबी साधारण २९० ते ३२० नॅनोमीटर असते. उष्णता अंगाला जाणवते, यूव्हीबी जाणवतही नाही आणि दिसतही नाही, म्हणून एकाच्या भरवशावर दुसरे गृहीत धरले जाते. बंद खिडकीपाशी बसले की अंग तापते आणि आपण उन्हात बसलो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात खिडकीच्या साध्या काचेने यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवलेला असतो. काचेतून शेक येतो, ऊन येत नाही. माशांच्या काचेच्या टाकीत पिलू ठेवून ती टाकी खिडकीत मांडणारा माणूस मनापासून काळजी घेत असतो, पण पिलाला तो भरपूर शेक आणि शून्य ऊन देत असतो.

दोन्हींची कामे वेगळी आहेत. हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील, पाण्याकाठच्या झाडांवर राहणारा प्राणी. त्याला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान राखता येत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. तो जन्मापासून पालाच खातो, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जसा चारा आंबतो, तसा हा पाला इग्वानाच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांच्या मदतीने आंबतो. हे काम उबेशिवाय चालत नाही. म्हणून पिंजऱ्यात एक बसायची जागा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, दुसरे टोक २६ ते २८ अंशांचे आणि रात्रीचे तापमान २४ अंशांच्या खाली न जाणारे असावे. गरम आणि थंड अशी दोन टोके असली, म्हणजे पिलू आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलते. सकाळी शेकाचा दिवा लागल्यावर त्याला तासभर तापू द्यावे आणि मगच पाला घालावा. संध्याकाळी उशिरा घातलेला पाला थंड पोटात तसाच पडून राहतो.

उन्हाचे काम हाडांचे. यूव्हीबी कातडीवर पडल्यावर तेथील एका द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचे आधीचे रूप तयार होते, आणि ते आधीचे रूप शरीराच्या उबेने हळूहळू डी-३ या ड जीवनसत्त्वात बदलते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात, आणि तेव्हा कुठे आतड्यातून कॅल्शियम रक्तात शोषले जाते. या साखळीत ऊन पहिली पायरी आहे आणि शेक दुसरी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे वापरता येत नाही. भर हिवाळ्यात गार पडलेल्या पिलाला नुसती यूव्हीबी देणारी ट्यूब लावून भागणार नाही, आणि मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत तापलेल्या पिलाला नुसत्या गरमीने कॅल्शियम मिळणार नाही.

कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून रक्तात आणते, आणि वाढत्या वयात ही उचल फार महाग पडते. माणसाच्या मुलाला मुडदूस होतो, तसाच हा आजार. परभणीतील एका नातेवाइकांकडे मी असे पिलू पाहिले. मांड्या आणि पुढचे पाय जाड झाले होते, आणि घरातली मंडळी कौतुकाने ते गुटगुटीत झाल्याचे सांगत होती. ती जाडी मांसाची नव्हती. मऊ पडलेल्या हाडांना आधार देण्यासाठी शरीराने त्यांच्याभोवती चढवलेले ते तंतूंचे अस्तर होते. जबडा बोटाने हलकेच दाबल्यावर लवचिक लागत होता, आणि पायांची बोटे बारीक थरथरत होती. शेकाची उणीव मात्र वेगळी दिसते : पिलू काळपट पडते, सुस्त होते, खाणे सोडते, विष्ठेत न पचलेले तुकडे दिसतात. थंडीने सुस्तावलेले पिलू दोन दिवस नीट उबेत राहिले की सावरू लागते. थरथर आणि सूज असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता क्ष-किरण तपासणी करून घेणे हाच मार्ग आहे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण निघण्यापूर्वी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे फोनवर विचारून घ्यावे.

खाण्याचा विचारही याच साखळीत बसवावा लागतो. पाल्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावे, असा साधारण दंडक आहे. पालक, चुका, चाकवत आणि राजगिरा या भाज्यांतील ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून त्या रोजच्या नव्हेत. तुतीची पाने, जास्वंदीची पाने व फुले, मोहरीचा पाला, शेवग्याची कोवळी पाने यांवर भर द्यावा. लाल भोपळा, दोडका, पपई, अंजीर हे थोडे थोडे. तुतीची शिफारस मी आवर्जून करतो, कारण जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांत रेशीमशेती आहे, आणि रेशीमअळीला घालायच्या पाल्यावर कीटकनाशक फवारले तर अळीच मरते, त्यामुळे असा पाला बाजारातल्या जुडीपेक्षा भरवशाचा असतो. पाला बारीक चिरावा, कारण पिलू चावत नाही, तुकडे तोडून गिळते. त्यावर फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट आठवड्यातून काही वेळा भुरभुरावी. पानाच्या डब्यातला खायचा चुना कधीही देऊ नये; तो दाहक असतो. डी-३ च्या पावडरीने उन्हाची जागा भरून काढण्याचा प्रयत्नही करू नये, कारण इग्वानाला तोंडावाटे दिलेले डी-३ किती लागू पडेल याचा भरवसा नसतो, आणि मात्रा जास्त झाली तर कॅल्शियम मूत्रपिंडांत आणि रक्तवाहिन्यांत साचते. वाढीचे वय आहे म्हणून अंडी, किडे किंवा मांजराचे खाद्य देणारे लोक मूत्रपिंडांवरच घाव घालतात.

दिव्यांच्या खरेदीत हा गोंधळ सर्वांत महागात पडतो. कोंबडीच्या पिलांच्या ब्रूडरमध्ये लावतात तो तारेचा पिवळा बल्ब, लाल इन्फ्रारेड बल्ब आणि प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, हे तिन्ही फक्त शेक देतात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी ट्यूब ऊन देते, पण शेक जवळजवळ देत नाही. दोन्ही एकत्र देणारे मर्क्युरी व्हेपर बल्बही असतात, पण ते इतके तापतात की लहान पिंजऱ्यात वापरूच नयेत. निळसर उजेड देणारी प्रत्येक वस्तू यूव्हीबी देते, हाही गैरसमज आहे. नोटा तपासायच्या दिव्यातून यूव्हीए हा अतिनील किरणांचा दुसराच पट्टा निघतो, त्याचा हाडांना उपयोग नाही; आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातला दिवा यूव्हीसी हा तिसरा पट्टा देतो, जो डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो. तो पिंजऱ्यात लावल्याचे मी ऐकले आहे, म्हणून हे स्पष्ट लिहावे लागते. ट्यूब आणि पिलू यांच्यात काच किंवा प्लास्टिक नसावे. दाट जाळीही बराच भाग अडवते. अंतर साधारण एक फूट, आणि दिवसाचे दहा ते बारा तास. शेक नेहमी वरून द्यावा, खाली तापणारा दगड ठेवू नये. इग्वानाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही आणि पोट भाजते.

मराठवाड्यात ऋतूप्रमाणे या दोघांची जुळणी बदलते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचे पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. तेव्हा रात्रभर सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणावर) चालू हवा, आणि वीज गेली तर पिंजऱ्यावर घोंगडे टाकून आत फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. मे महिन्यात नेमके उलटे : शेकाचा दिवा बंद, पण यूव्हीबी ट्यूब चालूच. या वेळी दुसरी अडचण येते ती कोरडेपणाची. इग्वानाला ६० ते ८० टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्या उन्हाळ्यात ती पुष्कळ खाली जाते. कूलर खोलीत चालवावा, पण त्याचा झोत पिलावर सोडू नये. दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारावे, आणि पाला ओला करूनच घालावा.

खऱ्या उन्हाला तोड नाही, तेव्हा ते जरूर द्यावे, मात्र जाळीच्या पिंजऱ्यात, निम्म्या भागावर सावली करून आणि स्वतः शेजारी बसून. घार आणि मांजर दोघेही टपलेले असतात. काचेची टाकी उन्हात ठेवली, तर काही मिनिटांत पिलू भाजून मरते. वेळ निवडताना आपली सावली पाहावी : ती आपल्या उंचीच्या दुपटीहून लांब असेल, तर सूर्य खाली आहे आणि यूव्हीबी फारसा नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराची वीस मिनिटे पुरेशी. हिवाळ्यात दहा ते बाराच्या दरम्यान अर्धा तास. तोंड उघडून धापा टाकू लागले, की लगेच सावलीत घ्यावे.

कायद्याबद्दल थोडक्यात. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिचे पिलू पाळणे गुन्हा आहे, मग ते शेतात सापडलेले का असेना. इग्वाना परदेशी असला तरी धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स करारात समाविष्ट आहे, आणि कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते.

यूव्हीबी ट्यूबचा दिसणारा उजेड वर्षानुवर्षे तसाच राहतो, पण तिच्यातले ऊन प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांत ओसरते. म्हणून नवी ट्यूब लावल्याच्या दिवशीच तिच्या टोकाला चिकटपट्टी लावून तारीख लिहावी, आणि मुदत झाली की ती पेटत असली तरी बदलावी.