बोटीवरचं पाणी आणि लग्नातल्या कॅन

मे महिन्यात आमच्या त्रिमूर्तीनगरात एका लग्नघरी वीस-वीस लिटरच्या कॅन चार दिवस आधीच आणून मांडवाबाहेर रचून ठेवल्या होत्या. बाहेर ४५ अंश. मी भीतभीतच म्हटलं, इतके दिवस पाणी असं उन्हात ठेवणं बरं नाही. कॅनवाला हसला. "आरओचं पाणी आहे काका, त्याले काय होते?"

शेजारी मित्राचा मुलगा उभा होता. मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे, सुटीवर आलेला. तो म्हणाला, "काका, आमच्या बोटीवर याच्याहून शुद्ध पाणी तयार होतं. तरी टाकीत आम्ही क्लोरिन टाकतोच."

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या वाक्याने आठवडाभर कामाला लावलं.

मोठ्या जहाजावर पिण्याचं पाणी बऱ्याचदा समुद्राच्या पाण्यापासूनच करतात. इंजिन थंड करून आलेलं पाणी ८० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. ती उष्णता फुकटची. यंत्रातली हवा काढून आतला दाब इतका कमी करतात की खारं पाणी पन्नासेक अंशांनाच उकळतं. (लेहला पाणी ८८ अंशांच्या जवळपास उकळतं, त्याचंच हे टोकाचं रूप.) वाफ थंड केली की मीठ मागे राहतं. पण गंमत बघा, हे पाणी 'उकळलेलं' असलं तरी निर्जंतुक झालं असं म्हणता येत नाही. जंतू मरतात ते तापमानाने, बुडबुड्यांनी नाही. म्हणून किनाऱ्याजवळच्या घाण पाण्यात हे यंत्र बंद ठेवतात.

आणि समजा पाणी अगदी निर्जंतुक निघालं, तरी पुढे टाकी आहे, पाइप आहेत, हवा खेळायला ठेवलेली नळी आहे. त्यातून चार जंतू आत गेले की शुद्ध पाण्याकडे त्यांना अडवायला काहीच नसतं.

शिडाच्या जहाजांवर पाणी लाकडी पिंपांत भरत. टेम्स नदीचं पाणी तर प्रसिद्धच होतं. काही दिवसांत ते सडक्या अंड्यांसारखं घाण मारायचं आणि काही आठवड्यांनी आपोआप निवळायचं. खलाशांना हा चमत्कार वाटे. खरं तर लाकडातले आणि नदीतले सेंद्रिय पदार्थ जंतू खात, आतला प्राणवायू संपे, मग सल्फेटवर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडत. खाणं संपलं की त्यांचा कारभारही आटोपे. १७८५ मध्ये टोबियास लोविट्झने कोळशाचा शोषून घेण्याचा गुण दाखवला. पुढे पिंपं आतून जाळून काळी करू लागले. १८१५ च्या सुमारास ब्रिटिश नौदलात लोखंडी टाक्या आल्या आणि लाकूड गेलं.

आता क्लोरिन. मला यात खरा रस आहे, तेव्हा जरा दम धरा.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. १००० लिटरला ५ ग्रॅम धरा. पावडरीत एक तृतीयांश क्लोरिन असेल, तर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर क्लोरिन झालं. (पोतं महिनोन्‌महिने उघडं पडलं असेल तर त्यातली निम्मी ताकद केव्हाच उडालेली असते, हा भाग वेगळा.) पाण्यात गेल्यावर यातून दोन भाऊ तयार होतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट. दोघांत फरक एका हायड्रोजनचा. आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नाही, हायपोक्लोराइटवर ऋणभार आहे. जीवाणूच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असतो. समान भार एकमेकांना ढकलतात, हे आपण आठवीत शिकलो. त्यामुळे हायपोक्लोराइट दारातूनच परत फिरतो. थोरला, म्हणजे आम्ल, मात्र लहानखुरा, भाररहित, जवळजवळ पाण्याच्या रेणूसारखा दिसणारा. तो सरळ आत शिरतो आणि गंधक असलेल्या प्रथिनांची मोडतोड सुरू करतो. तीच प्रथिनं जीवाणूची अवजारं. ती गेली की खेळ खलास.

निसर्गाला ही युक्ती फार आधीपासून ठाऊक होती. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी हेच हायपोक्लोरस आम्ल स्वतः बनवून जंतूंवर सोडतात. ते बनवणारं विकर रंगाने हिरवं असतं. पुवाला हिरवट झाक येते ती त्याचीच.

दोघा भावांचं प्रमाण ठरतं सामूवर, म्हणजे पीएचवर. साडेसातला दोघे निम्मे-निम्मे. साडेसहाला थोरला सुमारे ९० टक्के, साडेआठला जेमतेम १०. क्लोरिन तेवढंच, पण मारक्षमता कुठल्या कुठे! आता हजारोंची यंत्रं लावून पाणी 'अल्कलाइन' करणाऱ्यांनी विचार करावा. रक्ताचा सामू फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, पेल्यातलं पाणी नाही. आणि क्लोरिनवाल्या पाण्याचा सामू चढवून ठेवलात, तर राखणदाराच्या हातातली काठीच काढून घेतलीत.

दुसरी गोष्ट, क्लोरिनला जंतू आणि कचरा यांतला फरक कळत नाही. समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर तो खर्च होतो. माठात आपण वाळ्याची जुडी सोडतो, वास छान येतो, पण क्लोरिन तिच्यावरच संपतो. टाकीच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर तर जंतूंचा किल्लाच. क्लोरिन बाहेरच्या रांगेशी लढून थकतो, आतले सुखरूप. म्हणून बोटीवर अधूनमधून टाकी रिकामी करून, घासून, लिटरला ५० मिलिग्रॅम इतकं जहाल क्लोरिनचं पाणी काही तास भरून ठेवतात आणि मग ते पूर्ण ओतून देतात. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी मात्र क्लोरिनला जुमानत नाहीत. त्यांना गाळून काढावं लागतं किंवा अतिनील दिवा दाखवावा लागतो. पण दिव्याचा परिणाम दिव्यापुरताच, पुढच्या नळीत संरक्षण शून्य.

म्हणून कोळशाचा फिल्टर बोटीवर टाकीच्या पुढे, नळाशी बसवतात. टाकीत क्लोरिन पहारा देतो, पेल्यात येताना कोळसा त्याचा वास काढून घेतो. आपल्या घरच्या आरओत उलटं आहे. क्लोरिनने आरओचा पडदा खराब होतो, म्हणून कोळसा आधी, पडदा नंतर आणि साठवण शेवटी. म्हणजे साठवलेलं पाणी पहारेकऱ्याविना. लगेच पिणार असाल तर काहीच बिघडत नाही. पण चार दिवस उन्हातल्या कॅनमध्ये, तीही आधी कोणी कशी धुतली देव जाणे!

मित्राच्या मुलाने कुठून तरी ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातला क्लोरिन तपासायच्या द्रावणाची बाटली पैदा केली. क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं, आणि तपासलेलं पाणी प्यायचं नाही, मोरीत ओतायचं. आमच्या ओट्यावर चार काचेचे पेले मांडले. थेट नळाचं पाणी: छान पिवळं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं, ज्याने दुपारी हात भाजतात: पिवळ्याची नुसती शंका, कारण तापलेल्या पाण्यात क्लोरिन भराभर उडतो. आरओचं: बिनरंगी. माठातलं, वाळा घातलेलं: तेही बिनरंगी.

"मग आता माठ फेकून द्यायचा का?" बायकोने विचारलं.

"काकू, माठ तुम्ही रोज घासता, रोज भरता. आमची टाकी महिनाभर तशीच असते," तो म्हणाला, आणि माठातलेच दोन पेले पाणी गटागटा प्यायला.